न फुटणारा तंबोरा

ज्या काळी नद्यांवर पूल नव्हते आणि राजाचा उत्सव म्हटला की आसपासची सगळी गावं ओस पडत, त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

एका रुंद नदीच्या काठी तंबोरे करणाऱ्यांचं गाव होतं. नदीच्या वाळूत भोपळ्यांचे वेल पसरत, आणि एकेक भोपळा असा फुगे की लहान मूल त्याच्या मागे लपावं. त्या गावात निंबाजी नावाचा कारागीर राही. त्याची बायको गिरजा भोपळे पोखरून वाळवी, आणि त्यांची एकुलती एक मुलगी येसू, ती दिवसभर गुणगुणत असे.

तंबोरा तुम्ही पाहिला असेल. खाली वाळलेला भोपळा असतो, ते त्याचं पोट. पोटाच्या तोंडावर लाकडाची पातळ फळी बसवतात, तिला तबली म्हणतात. वर लांब पोकळ दांडी, आणि दांडीच्या टोकाला खुंट्या. खुंट्यांपासून निघालेल्या चार तारा तबलीवरच्या एका छोट्या घोडीवरून खाली जातात. बोट लागतं ते तारेला. पण नुसती तार डासासारखी कुणकुणते. तिची थरथर घोडी तबलीला देते, तबली भोपळ्यातल्या हवेला देते, आणि मग त्या पोटातून जो आवाज येतो, तो ऐकून गाणारा डोळे मिटतो.

निंबाजीचे तंबोरे साऱ्या राज्यात नावाजलेले होते. तबली किती पातळ करायची हे त्याचा अंगठाच ठरवी. तो लाकूड तासत जाई, मधूनच टिचकी मारी, कान देई, पुन्हा तासे. फळी इतकी पातळ होई की पाहणाऱ्याला भीती वाटावी. तिथे तो थांबे. नवा तंबोरा जुळला की हाक मारी, "येसू, सा दे ग!" येसू हातातलं काम टाकून येई, तारांवर बोटं ठेवी आणि सा लावी. तिचा आवाज आणि तंबोऱ्याचा आवाज एकमेकांत मिसळले की निंबाजी मान डोलावी, आणि मगच तो तंबोरा घराबाहेर पडे.

पलीकडच्या तीरावर, किल्ल्याच्या पायथ्याशी, तुंगाक्का राहत असे. तुंगाक्का म्हणजे राजाच्या दरबारची गायिका. येसू तिच्याकडे गाणं शिकायला जाई. सकाळच्या नावेने जायची, दुपारच्या नावेने परत यायची.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि राजाच्या उत्सवाचा दिवस आला.

पावसाळा नुकताच सरला होता. चार महिने लाकडाने ओल पिऊन घेतली होती, आणि आता एकाएकी कोरडं, चटका देणारं ऊन पडलं होतं. किल्ल्याच्या चौकात सभा भरली. तुंगाक्का गायला बसली. मांडीशी निंबाजीने केलेला कोराकरकरीत तंबोरा होता. कुणा सेवकाने तो सकाळपासून उन्हातच उभा करून ठेवला होता. तुंगाक्काने आलाप सुरू केला. सूर हळूहळू वर चढत गेला. माणसं श्वास धरून बसली. ती वरच्या षड्जाला पोहोचणार, एवढ्यात—

फाट्!

तबली वरून खालपर्यंत दुभंगली. घोडी उडाली. तारा सैल पडून लोंबू लागल्या. तुंगाक्काचा सूर तिथेच तुटला.

मग कुठेतरी कुणीतरी फिसकन हसलं, आणि ते हसू साऱ्या चौकात पसरलं. कुणीतरी म्हणालं, "अपशकुन." राजाने हात वर केला. तो काही वाईट राजा नव्हता. तो एवढंच म्हणाला, "पुढच्या खेपेला धड वाद्य करा."

चूक उन्हाची, सेवकाची की लाकडाची, हे कुणी विचारलं नाही. निंबाजी खाली मान घालून त्या हसणाऱ्या माणसांमधून वाट काढत बाहेर पडला.

त्या दिवसापासून त्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

गिरजाने फोडणीत मोहरी टाकली, ती तडतडली, की तो दचके. उन्हाने घराचा वासा कडकला की उठून तंबोऱ्यांकडे धावे. जेवता जेवता खरकट्या हातानेच उठे, एखाद्या तबलीवर टिचक्या मारी, कान लावी, परत येऊन दोन घास खाई, पुन्हा उठे.

"काय ऐकता एवढं?" गिरजा विचारी.

"तडा गेलाय का बघतो."

"गेला असता तर दिसला असता. बसा आणि जेवा."

तो बसे. पण त्याचा कान बसत नसे.

पुढचा तंबोरा केला तेव्हा अंगठा म्हणाला, अजून तास. निंबाजीने ऐकलं नाही. तबली एक सूत जाड ठेवली. त्याच्या पुढचा केला, ती आणखी एक सूत जाड. तेवढ्यानेही मन निवेना, म्हणून तबलीच्या आतल्या बाजूला त्याने लाकडाच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या. मग पट्ट्यांना आधार म्हणून उभ्या पट्ट्या. अशी तबली बसवली की तो मूठ आपटून पाही, आणि मग घटकाभर त्याला बरं वाटे.

बाजाराच्या दिवशी त्याने आपला तंबोरा चौकात आडवा ठेवला आणि सगळ्यांदेखत त्याच्यावर उभा राहिला. तबली हलली नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. "न फुटणारा तंबोरा!" अशी हाकाटी झाली. व्यापारी आले, देवळांचे पुजारी आले. एकाचा तंबोरा गाडीतून दगडावर पडला आणि त्याला साधा चराही गेला नाही, ही गोष्ट गावोगाव पोहोचली. निंबाजीच्या दाराशी पूर्वी कधी नव्हती एवढी गर्दी होऊ लागली.

तरी तो निवांत झाला नाही. जितके तंबोरे बाहेर जात, तितकी काळजी वाढे. कोण जाणे, त्यातला एखादा याच घटकेला कुणाच्या सभेत फुटत असेल.

गिरजाने एकदा एक तंबोरा छेडून पाहिला. ती काही गाणारी नव्हती, पण इतकी वर्षं त्या घरात राहून तिला कान आला होता. ती म्हणाली, "अहो, हे काय केलंत? हा तंबोरा आहे की उखळ? यात मिरच्या कुटाव्या."

"फुटत तर नाही ना?"

"उखळही फुटत नाही."

निंबाजी रागावून उठून गेला.

याच सुमाराची गोष्ट. एका संध्याकाळी नावाडी सहज दारात टेकला आणि पाणी पिता पिता म्हणाला, "आज मधल्या धारेला नाव जरा हेलकावली बरं का. तुमची येसू मात्र धीट. बाकीच्या बाया ओरडल्या, ही हसत होती."

नावाडी पाणी पिऊन गेला. निंबाजी मात्र तिथेच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे नाव कलंडलेली दिसू लागली.

"येसू," तो म्हणाला, "उद्यापासून पलीकडे जायचं नाही."

"बाबा, नाव रोजच हलते."

"म्हणूनच जायचं नाही."

"आणि गाणं?"

"गाणं काय, घरीही होतं. बाहेर वाळवंटातही फिरू नकोस, वाळू खचते. घरात बैस."

येसू रडली नाही. भांडलीही नाही. ती आत गेली आणि आईला भोपळे पोखरायला मदत करू लागली. निंबाजीला बरं वाटलं. पोर शहाणी आहे, तो मनात म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून येसू घरातच होती. तो कामावरून मान वर करी, ती दिसे, तो पुन्हा मान खाली घाली.

ती गुणगुणायची थांबली होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कारण त्याचा कान फक्त तड्याचा आवाज शोधत होता.

अशी बरीच वर्षं नव्हे, पण पुरेसे दिवस गेले, आणि राजाचा उत्सव पुन्हा जवळ आला. एके सकाळी नावेतून तुंगाक्का स्वतः उतरली. वय झालं होतं. काठीवर भार देत ती निंबाजीच्या ओसरीवर येऊन बसली.

"निंबाजी, यंदा गाणार आहे. पुढच्या वर्षी दम पुरेल असं वाटत नाही. तेव्हा हे शेवटचंच समजा. मला एक तंबोरा हवा."

निंबाजीचा चेहरा उतरला. "अक्का, माझ्याच हातचा? त्या दिवशी एवढं होऊनही?"

"राजाने परमुलखातला मागवू का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नको. ज्या हाताने तो फुटलेला केला, त्याच हाताचा हवा. फुटायच्या आधी तो काय बोलत होता, ते मी ऐकलंय."

निंबाजीचे डोळे भरून आले. तो धावत आत गेला आणि आपला सगळ्यात भक्कम तंबोरा घेऊन आला. "हा घ्या, अक्का. याच्यावर दोन माणसं उभी राहिली तरी काही होत नाही."

तुंगाक्काने तारा छेडल्या. मान वाकवून बराच वेळ ऐकलं. पुन्हा छेडल्या. मग तंबोरा हळूच भिंतीला टेकवून ठेवला.

"निंबाजी," ती म्हणाली, "मला याच्यावर उभं राहायचं नाही. मला याच्याबरोबर गायचंय."

जाता जाता तिने विचारलं, "ती तुमची पोर कुठाय? यायची बंद झाली."

"घरात आहे, अक्का. सुखरूप आहे."

तुंगाक्का त्याच्याकडे एकवार पाहून काठी टेकत नावेकडे गेली.

आता निंबाजीने ध्यास घेतला. तबली मात्र तशीच ठेवून बाकी सगळं बदलायचं, असं त्याने ठरवलं. कारण तबली पातळ करायची नुसती कल्पना आली तरी त्याच्या कानात फाट् होई.

आधी त्याने तारा बदलल्या. जाड तारा लावल्या. आवाज आला, पण दार आपटल्यासारखा आला आणि विरून गेला. शिवाय जाड तारांनी दांडी ओढली जाऊ लागली, म्हणून त्याने दांडी जाड केली. दांडी जाड झाली तसा तंबोरा मुसळासारखा जड झाला. आणि एवढ्या ओढीने तबली फुटेल या धास्तीने त्याने आत आणखी दोन पट्ट्या मारल्या.

मग वाटलं, दोष भोपळ्याचा आहे. नदीवर जाऊन वाळवंटातला सगळ्यात मोठा भोपळा आणला. तो इतका मोठा की तंबोरा कुशीत घेता येईना. पण वरचं झाकणच हलत नसेल तर आतली हवा काय करणार? ती रांजणातल्या पाण्यासारखी गप्प बसून राहिली.

मग घोडी. लाकडाची काढून हाडाची बसवली. ती कानशीने घासली, तारेला झणझण आणणारा घोडीवरचा दोरा पुढे सरकवला, मागे सरकवला, पुन्हा घासली. तारा झणझणू लागल्या खऱ्या, पण बरणीत कोंडलेली माशी भुणभुणावी तशा.

प्रत्येक वेळी नावाडी तंबोरा घेऊन पलीकडे जाई आणि प्रत्येक वेळी तो परत येई. तुंगाक्काचा निरोप एकच असे, "अजून नाही."

निंबाजी सैरभैर झाला. गावात तारा ओढून देणारा दगडोबा म्हणून त्याचा जन्माचा मित्र होता. निंबाजी त्याच्या भट्टीवर जाऊन ओरडला, "तुझ्या तारेतच जीव नाही! माझं नाव घालवलंस!"

दगडोबाने हातातला सांडस खाली ठेवला. "निंब्या, याच तारा मी तुला लहानपणापासून देतोय. तेव्हा त्यांत जीव होता ना? मग तो गेला कुठे, ते तुझ्या घरी जाऊन शोध. इथे येऊ नकोस."

निंबाजी परतला. आता गावात बोलायलाही कुणी उरलं नव्हतं. तो ओसरीवरून अंगणात, अंगणातून ओसरीवर अशा येरझारा घालू लागला. उत्सव तोंडावर आला होता. शेवटी त्याला आपली जुनी रीत आठवली आणि त्याने हाक मारली.

"येसू! सा दे ग."

येसू आतून आली. हातावर भोपळ्याचा गर वाळला होता. ती तंबोऱ्याशी बसली, तारांवर बोटं ठेवली आणि तोंड उघडलं.

जो आवाज आला तो इतका बारीक होता, जणू भिंतीपलीकडून कुणी बोलतंय. तो थरथरला आणि बंद पडला.

निंबाजीने तंबोऱ्याकडे बोट केलं. "पाहिलंस? या मेल्याची साथच मिळत नाही गळ्याला!"

"नाही, बाबा," येसू म्हणाली. "त्याचा दोष नाही. माझाच आवाज येत नाही."

"म्हणजे? कधीपासून?"

"नाव बंद केलीत तेव्हापासून."

"अग, पण घरी म्हणायचंस की! मी कुठे नको म्हटलं?"

"म्हणून पाहिलं. येत नाही. आधी वाटलं, आज नाही तर उद्या येईल. मग म्हणून बघायचंही सोडून दिलं."

निंबाजीने तिच्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा दिसलं की पोर सुकली आहे. अंगाखांद्यावर एक ओरखडा नव्हता. सगळं जागच्या जागी होतं. आणि तरी ती त्या भिंतीला टेकलेल्या तंबोऱ्यांसारखी दिसत होती.

त्याला वाटलं, आपलं काळीजच कुणीतरी पट्ट्या मारून घट्ट केलंय.

गिरजा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती पुढे आली आणि तंबोरा त्याच्या पुढ्यात आडवा ठेवला.

"तबली उघडा," ती म्हणाली.

"गिरजा, पातळ केली तर फुटेल."

"फुटली तर दुसरी कराल. पोरगी दुसरी कराल का?"

निंबाजीने तो दांडगा तंबोरा बाजूला सारला. साध्या मापाचा भोपळा आणि हलकी दांडी असलेला दुसरा ओढून घेतला आणि त्याची तबली सोडवली. उलटी करून आतल्या पट्ट्या एकेक उपटून काढल्या. मग तासणी हातात घेतली. पण ती लाकडाला टेकवायला तो धजेना.

येसू त्याच्यासमोर बसली. "तुम्ही तासा, बाबा. टिचकी मी मारते."

त्याने एक छिलका काढला. येसूने टिचकी मारली. ठक्. दगडावर मारल्यासारखी.

तो तासत गेला, ती टिचक्या मारत गेली. दुपार झाली. छिलक्यांचा ढीग वाढला. ठक्‌चं ठुक् झालं, ठुक्‌चं ठूम झालं.

"पुरे," निंबाजी म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"अजून, बाबा."

"येसू, पुरे. आता धोका आहे."

"अजून थोडं."

त्याने डोळे मिटले आणि तासलं. येसूने टिचकी मारली. ठूमम्. आवाज जरा लांबला. तो कुठल्या सुरात आहे हे पाहायला तिने नकळत ओठ मिटून हुंकार भरला. अगदी हलका, जुना, सवयीचा हुंकार. निंबाजीने तो ऐकला. मान वर केली नाही, काही बोलला नाही, कारण आपण बोललो तर तो थांबेल अशी त्याला भीती वाटली. तो तासत राहिला. पुढच्या टिचकीला तिने पुन्हा हुंकार भरला.

आणि निंबाजीच्या अंगठ्याला अखेर ती जागा लागली. त्याने तासणी खाली ठेवली.

तबली बसली, जुनी लाकडी घोडी बसली, नेहमीच्या बारीक तारा चढल्या. खुंटी पिळायची वेळ आली तेव्हा मात्र तो मागे सरला. "तू पीळ, मला बघवत नाही." असं म्हणून त्याने खरोखरच कानांवर हात ठेवले. येसूने एकेक तार ताणली, सूर जुळवला आणि चारही तारा छेडल्या.

कानांवर हात असूनही निंबाजीला ते ऐकू आलं. हातांतून, छातीतून, बसल्या जागच्या जमिनीतून ऐकू आलं. गिरजा चुलीपाशी होती. ती हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी निंबाजी स्वतः येसूला आणि तंबोऱ्याला घेऊन नावेत बसला. नदी भरून वाहत होती. मधल्या धारेला नाव डुचमळली. त्याने दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला. येसूला म्हणावंसं वाटलं, परत फिरू. नावाड्याला म्हणावंसं वाटलं, वळव. तो ओठ चावत बसून राहिला. येसूने तंबोरा मांडीवर धरला होता, आणि वाऱ्यावर तिचे केस उडत होते.

तुंगाक्काने तंबोरा छेडला. डोळे मिटून तशीच गाऊ लागली, आणि बऱ्याच वेळाने थांबून म्हणाली, "हं. आता हा बोलतोय." मग येसूकडे पाहून म्हणाली, "उत्सवात माझ्या मागे तू बसायचंस. तंबोरा तुझ्याकडे."

"अक्का, माझा आवाज गेलाय."

"मी गा म्हटलं का? तारा छेड. आवाजाला यावंसं वाटलं तर तो येईल."

उत्सवाचा दिवस उजाडला. तसंच कोरडं ऊन होतं, तोच चौक, तीच माणसं. काहींनी निंबाजीला ओळखलं आणि एकमेकांना कोपराने ढोसलं. तो सभेत बसू शकला नाही. एका दगडी खांबाआड उभा राहिला. कधी या पायावर, कधी त्या पायावर.

तुंगाक्का गाऊ लागली. तिच्या मागे येसू तारा छेडत होती. तंबोरा असा घुमत होता की चौकाच्या दूरच्या कडेला बसलेल्या माणसालाही तो आपल्याच शेजारी आहे असं वाटावं. तुंगाक्काचा सूर हळूहळू वर चढला. ती वरच्या षड्जाशी आली, आणि म्हातारीचा दम संपला. सूर लटपटला.

त्याच घटकेला निंबाजीच्या कानाने टिपलं. कट्.

चौकातल्या इतर कुणाला ते कळलं नसेल. त्याला कळलं. त्याचं सगळं अंग पुढे धावलं. जावं, तंबोरा हिसकून घ्यावा, पोरीला उचलावं आणि घरी न्यावं, दार लावून घ्यावं. एक पाऊल त्याने टाकलंही. मग दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली आणि तो तिथेच थांबला.

येसूची बोटं थांबली नाहीत. तारा वाजत राहिल्या. आणि तुंगाक्काचा सूर जिथे खाली घसरत होता, तिथे खालून एक दुसरा आवाज आला. आधी चाचरत, मग सरळ. येसूचा सा. त्याने म्हातारीच्या सुराला हात दिला, वर नेलं आणि दोघींचा सूर मिळून त्या षड्जावर उभा राहिला. सभा हलली नाही. राजा पुढे वाकून ऐकत होता.

गाणं संपल्यावर निंबाजी गर्दीतून वाट काढत मुलीपाशी गेला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तबलीला कडेला बारीक तडा गेलाय."

"ऐकला मी."

"मग धावत आला नाहीत?"

"निघालो होतो," निंबाजी म्हणाला. "खांबाने धरून ठेवलं."

त्याने बोट फिरवून तडा पाहिला. केसाएवढा होता. सरसाचा एक थेंब भरला की भागेल असा. ज्या गोष्टीला तो इतके दिवस भ्याला होता, ती झाली होती, आणि गाणं तिच्यामुळे अडलं नव्हतं.

गावी परत आल्यावर तो आधी दगडोबाच्या भट्टीवर गेला. बराच वेळ दारातच उभा राहिला. दगडोबाने त्याच्याकडे न पाहता तारांचं एक वेटोळं पुढे सरकवलं. तेवढ्यात सगळं मिटलं.

न फुटणारे तंबोरे हवे असलेले लोक दुसऱ्या कारागिरांकडे गेले. निंबाजीच्या दारातली गर्दी ओसरली. त्याचे तंबोरे आता कधीमधी तडकत. लोक ते घेऊन येत, तो सरस लावून देई, आणि पुढची तबली पुन्हा तितकीच पातळ करी. गाणारे मात्र लांबलांबून त्याच्याकडेच येऊ लागले.

तुंगाक्का त्यानंतर सभेत गायली नाही. तिने आपलं सगळं गाणं येसूला दिलं. येसू रोज नदी ओलांडून जाई, पावसाळ्यातही. नाव सुटली की निंबाजी काठावर जाऊन उभा राही, आणि ती पलीकडे टेकेपर्यंत त्याचा जीव खालीवर होई. जेवण निवून जाई, गिरजा हाका मारून थके. त्याची काळजी काही गेली नाही. ती शेवटपर्यंत गेली नाही. पण जाऊ नकोस, हा शब्द मात्र त्याने पुन्हा कधी तोंडातून काढला नाही. पुढे येसूचं गाणं ऐकायला परमुलखातली माणसं त्याच नावेतून येऊ लागली.

तात्पर्य: जपावं जरूर, पण इतकंही जपू नये की जपलेल्याचा आवाजच बंद व्हावा.